तेल झेलणारा डबा : टर्बो एंजिनाचा एक घरगुती मदतनीस

मोटारीचें एंजिन बाहेरून पाहणारास तें केवळ इंधन खाणारें व धूर सोडणारें एक लोखंडी धूड वाटतें. परंतु त्याच्या पोटांत काय चालतें हें समजून घेतलें असतां असें दिसून येतें कीं, त्यास श्वासोच्छ्वासहि करावा लागतो, आणि हा श्वास कोंडला तर तें आजारी पडतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं टर्बोचार्जर असलेली मोटार आहे, व कांहींच्या कुटुंबाचा चरितार्थ तिच्यावरच चालतो. अशा एंजिनासाठीं तेल झेलण्याचा डबा, ज्यास कारागीर लोक 'कॅच कॅन' म्हणतात, तो घरच्या घरीं करावा अशी हौस वरच्या वर्गांतील मुलांस होते. हौस स्तुत्य आहे. परंतु जो डबा चांगला केला असतां एंजिनाचें रक्षण करितो, तोच वाईट केला असतां त्याचा घात करितो. म्हणून तो कसा करावा हें सांगण्यापूर्वीं तो कां करावयाचा, हें आपण पाहूं.

एंजिनाच्या पोटांतील वायु

सिलिंडरांत इंधन जळलें म्हणजे तप्त वायु प्रसरण पावून दट्ट्यास खालीं ढकलतो. दट्ट्याभोंवतीं रिंगा असतात. त्या कितीहि नव्या असल्या तरी थोडा वायु त्यांच्या फटींतून निसटून खालच्या क्रँककेसांत उतरतो. ह्या वायूंत न जळलेलें इंधन, पाण्याची वाफ व आम्ल उत्पन्न करणारे वायु असतात. शिवाय क्रँक वेगानें फिरत असल्यामुळें उडणाऱ्या तेलाचे सूक्ष्म तुषारहि त्यांत मिसळतात. ह्यास बाहेर पडण्यास वाट न दिली तर आंतील दाब वाढतो, आणि ऑइल सीलांतून तेल बाहेर फेंकलें जातें.

पूर्वींच्या मोटारींत हा वायु एका उघड्या नळीनें रस्त्यावर सोडून देत असत. पुढें लॉस एंजलिस शहरावरील दूषित धुक्याचीं कारणें शोधतांना ही नळीहि अपराधी ठरली, आणि कॅलिफोर्निया राज्यांत १९६१ च्या नमुन्याच्या मोटारींपासून हा वायु परत एंजिनांत ओढून जाळण्याची योजना अमलांत आली. आज ती सर्वत्र रूढ आहे. ह्या कामीं जी झडप योजितात तिला 'पी. सी. व्ही.' झडप म्हणतात.

टर्बोमुळें काय बिघडतें

टर्बोचार्जर ही स्विस एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी ह्यांची कल्पना. त्यांनीं १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें, व त्याच दांड्यावरील दुसरें चक्र हवा दाबून एंजिनांत भरतें. लहान मोटारींतील हीं चक्रें मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतात. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणून शक्तीहि अधिक. परंतु सिलिंडरांतील दाब वाढला कीं रिंगांतून निसटणारा वायुहि वाढतो.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. पेट्रोल एंजिन मंद चालत असतां त्याच्या हवेच्या मार्गांत दाब कमी असतो, म्हणून क्रँककेसांतील वायु झडपेवाटे तिकडे ओढला जातो. टर्बो जोर करूं लागला कीं तेथेंच दाब वाढतो. तेव्हां झडप मिटते, आणि वायु दुसऱ्या नळीनें टर्बोच्या तोंडाशीं, म्हणजे हवा गाळणारा फिल्टर व टर्बो ह्यांच्या मधल्या पाइपांत जातो. डिझेल एंजिनांत बहुधा हाच एक मार्ग असतो. ह्या वाटेनें तेलाचे तुषार टर्बोंत, तेथून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरांत, व शेवटीं सिलिंडरांत पोंचतात.

त्याचे परिणाम तीन. इंटरकूलरास आंतून तेलाचा लेप बसून त्याची हवा थंड करण्याची शक्ति कमी होते. पेट्रोलांत तेल मिसळल्यामुळें तें वेळेपूर्वीं पेट घेऊं लागतें व एंजिन ठोके देतें. आणि ज्या एंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जातें, तेथें आंत येणाऱ्या हवेच्या झडपा पेट्रोलानें धुतल्या जात नाहींत. त्यांच्यावर काजळीचीं पुटें चढतात.

डिझेल एंजिनास आणखी एक भय आहे. इंटरकूलरांत साचलेलें तेल एकदम सिलिंडरांत ओढलें गेलें, तर एंजिन तेंच तेल जाळून बेफाम धांवूं लागतें. मग किल्ली फिरवून डिझेल बंद केलें तरी तें थांबत नाहीं. हवा बंद केल्यावांचून बहुधा त्यास आवर बसत नाहीं. अशा वेळीं मुलांनीं जवळ जाऊं नये. दूर पळावें, कारण धातूचे तुकडे उडण्याचा संभव असतो.

डब्याचें तत्त्व

भाताच्या पातेल्यावरील झाकण उचलून पाहावें. त्याच्या आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब लोंबत असतात. वाफेस थंड पृष्ठभाग मिळाला कीं तिचें पाणी होतें. आपल्या डब्यांत हेंच घडतें. परंतु आणखी दोन गोष्टीहि घडतात. पहिली ही कीं, अरुंद नळींतून रुंद डब्यांत आलेल्या वायूचा वेग मंदावतो. दुसरी ही कीं, वायु वळला तरी जड थेंब वळूं शकत नाहींत. ते समोरच्या जाळीवर आदळून तेथेंच चिकटतात व खालीं ठिबकतात.

वेग किती मंदावतो, ह्याचें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. नळीचा आंतील व्यास १९ मिलिमीटर धरला तर तिच्या छेदाचें क्षेत्रफळ सुमारें २८४ चौरस मिलिमीटर होतें. डब्याचा व्यास १०० मिलिमीटर असल्यास त्याचें क्षेत्रफळ सुमारें ७,८५४ चौरस मिलिमीटर. म्हणजे डबा नळीच्या पावणेअठ्ठावीस पट रुंद झाला. आंतील नळीची जागा वजा केली तरी वायूचा वेग जवळजवळ पंचविसाव्या हिश्शावर येतो.

साहित्य

१०० मिलिमीटर आंतील व्यासाचा, १५० मिलिमीटर लांबीचा, २ मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप, तळासाठीं व झाकणासाठीं जाड पत्रा, १९ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या, पांच मिलिमीटरचीं चाळीस छिद्रें पाडलेली एक चकती, भांडीं घांसण्याच्या स्टेनलेस स्टीलच्या जाड तारेच्या दोन घासण्या, तेल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराचें गॅस्केट, सहा बोल्ट, तळाशीं एक तोटी, तेल सहन करणारी व ओढीनें न चेपणारी रबरी नळी, आणि क्लिपा.

कांहीं वस्तु मुद्दाम वर्ज्य कराव्या. मुरंब्याची बरणी किंवा प्लास्टिकची बाटली घेऊं नये. उष्णतेनें व हादऱ्यांनीं ती फुटते, आणि तेल तप्त भागावर सांडलें तर आग लागते. स्वयंपाकघरांतील दाबून बसणाऱ्या झाकणाचा डबाहि चालणार नाहीं. पेट्रोल, तेल किंवा रंग ज्यांत होता अशा जुन्या डब्यास वेल्डिंग कधींहि करूं नये. आंत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. बारीक लोखंडी लोंकर घेऊं नये. ती गंजते, व तिचे तंतु सुटून टर्बोंत जातात. साधी पाण्याची नळी तेलानें फुगते, म्हणून तीहि टाळावी.

कृति

१. पाइपास तळ, व वरच्या कांठास बोल्टांसाठीं कडें, हीं जाणत्या कारागिराकडून वेल्ड करून घ्यावीं. तळाशीं तोटी बसवावी.

२. छिद्रांची चकती तळापासून ८० मिलिमीटर उंचीवर आधारून घट्ट बसवावी. तिच्या चाळीस छिद्रांचें एकूण क्षेत्रफळ सुमारें ७८५ चौरस मिलिमीटर, म्हणजे नळीच्या पावणेतीन पट आहे. त्यामुळें वायूची वाट अडत नाहीं.

३. झाकणांतून आंत येणारी नळी चकतीच्या मधून खालीं उतरवावी व तळापासून ७० मिलिमीटरवर संपवावी. बाहेर जाणारी नळी झाकणाशींच संपवावी. वायु खालीं उतरून, वळून, जाळींतून वर यावा हा हेतु.

४. घासण्या चकतीवर सैल पसराव्या. ठांसून भरूं नयेत. झाकणाखालीं २० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी.

५. सर्व कीस, धातूचे कण व वेल्डिंगचे खडे धुऊन काढावे. येथें आळस झाला तर राहिलेला एक कण टर्बोच्या चक्राचा नाश करील.

६. गॅस्केट घालून झाकण आवळावें, एक नळी व तोटी बंद करावी, डबा पाण्यांत बुडवून दुसऱ्या नळींतून तोंडानें फुंकावें. बुडबुडे आले तर सांधा दुरुस्त करावा. नंतर डबा पूर्णपणें वाळवावा.

मोटारींत बसविणें

हें काम वडील मंडळी किंवा मेकॅनिक ह्यांच्या देखत, एंजिन थंड असतां करावें. क्रँककेसाकडून येणारी नळी डब्याच्या आंत येणाऱ्या नळीस, आणि डब्याची दुसरी नळी टर्बोच्या तोंडाकडील पाइपास जोडावी. मूळची नळी १९ मिलिमीटरहून रुंद असेल, तर सर्व मापें तिच्याप्रमाणें वाढवावीं. कोणत्याहि ठिकाणीं वाट अरुंद होतां कामा नये. डबा टर्बोपासून व धुराच्या पाइपांपासून दूर, थंड जागीं, मोटारीच्या अंगास पक्का करावा. चालतांना एंजिन हलतें, म्हणून नळ्या किंचित् सैल ठेवाव्या. परंतु त्यांस झोळ पडूं देऊं नये, कारण झोळांत पाणी साचून वाट बंद होते.

पुष्कळ लोक डब्याची दुसरी नळी उघडी सोडून देतात. हें सर्वथा अयोग्य आहे. त्यायोगें विषारी वायु शेजाऱ्यांच्या श्वासांत जातो, व ज्या कारणासाठीं ही योजना निघाली तेंच विफल होतें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून मोटारींस बी. एस. ६ हे नियम लागू आहेत. नवीन मोटारींत मूळचा तेल वेगळें करणारा भाग असतोच, आणि ह्या मार्गांत हात घातल्यास कंपनी हमी नाकारूं शकते. म्हणून हमी चालू असलेल्या मोटारीस हात लावण्यापूर्वीं कंपनीच्या अधिकृत कारखान्यांत विचारावें. नकार मिळाला तर डबा शाळेच्या प्रदर्शनांत ठेवावा. त्यानें विद्या उणी होत नाहीं.

परीक्षा

डबा वाट अडवीत नाहीं ना, हें पदार्थविज्ञानाच्या साध्या साधनानें तपासतां येतें. तेल भरण्याच्या तोंडाचें एक जादा झाकण घेऊन त्यांत बारीक नळी बसवावी, व ती इंग्रजी 'यू' अक्षराप्रमाणें वळविलेल्या, रंगीत पाणी भरलेल्या पारदर्शक नळीस जोडावी. नळीची प्रत्येक बाजू अर्धा मीटर उंच असावी. तापलेलें एंजिन मंद चालवून दोन्ही बाजूंच्या पाण्यांतील अंतर डबा बसविण्यापूर्वीं एकदां, व बसविल्यावर एकदां मोजावें. एक सेंटिमीटर अंतर म्हणजे सुमारें ९८ पास्कल दाब. डबा बसविल्यावर आंतील दाब स्पष्ट वाढलेला दिसला, तर वाट अडली आहे असें समजून डबा काढावा. पाणी एंजिनाच्या बाजूस वर चढत टोंकाशीं येऊं लागलें, तर एंजिन तत्काळ बंद करावें. पंखा व पट्टे ह्यांपासून हात, केंस व ओढण्या दूर असाव्या.

निगा

प्रथम दर ५०० किलोमीटरांस तोटी उघडून पाहावी. पाव लिटर द्रव सांठला तर त्याची उंची सुमारें ३२ मिलिमीटर होते. ह्यापेक्षां अधिक कधींहि सांठूं देऊं नये. भरलेला डबा हा नसलेल्या डब्यापेक्षां वाईट, कारण त्यांतील तेल एकदम टर्बोंत जाईल, आणि डिझेल एंजिनाचें जें भय वर सांगितलें तें आपल्याच हातानें ओढवेल. थंडीच्या दिवसांत व थोड्या थोड्या अंतराच्या प्रवासांत पाणी अधिक सांठतें. तेल व पाणी मिळून ताकासारखा पिवळट फेंस दिसतो. त्यास भिऊं नये, पण डबा लवकर रिकामा करावा.

निघालेलें तेल पुन्हा एंजिनांत ओतूं नये; त्यांत पाणी, इंधन व आम्लें असतात. तें गटारांत किंवा मातींतहि टाकूं नये. वापरलेलें तेल २०१६ च्या नियमांप्रमाणें घातक कचरा गणलें जातें. तें बंद डब्यांत भरून, असें तेल जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावें, व हात साबणानें धुवावे.

शेवटीं एक वही ठेवावी. प्रत्येक वेळीं तारीख, मोटार किती किलोमीटर चालली, व किती मिलिलिटर द्रव निघाला, हें तींत लिहावें. महिनोगणती हा आंकडा सारखा राहिला तर एंजिन निरोगी आहे असें मानण्यास आधार मिळतो. तो एकाएकीं वाढूं लागला, तर रिंगा झिजल्या असतील किंवा झडप बिघडली असेल. अशा वेळीं मोठा डबा करणें म्हणजे जखमेवर केवळ फडकें बांधणें होय. मोटार मेकॅनिकाकडे नेली पाहिजे. डबा झिजलेलें एंजिन नवें करीत नाहीं. परंतु वही नियमानें लिहिणाऱ्या मुलाच्या वडिलांस मोठा खर्च येण्यापूर्वीं सूचना मिळते, आणि ज्या घराची भाकरी त्या मोटारीवर अवलंबून आहे, त्या घरास ह्याहून अधिक उपयोगाची वस्तु मुलाच्या हातून क्वचितच घडेल.