पाणतीर-नौकेचा वारसा

प्रचंड युद्धनौकेचा घात करण्यास प्रचंड युद्धनौकाच हवी असे नाही. तिच्याजवळ पोचू शकणारी लहानशी नौकाही पुरते. पाणतीर-नौकेचा जन्म या हिशेबातून झाला. अडचण होती ती पोचण्याची. लहान नौकेत कोळसा थोडा मावे आणि खुल्या समुद्रात तिचा टिकाव लागत नसे. रशियन आरमारातील तरुण अधिकारी स्तेपान मकारोव याने १८७७ साली यावर तोडगा काढला. 'वेलिकी क्न्याझ कॉन्स्तान्तिन' या आगबोटीवर त्याने चार वाफनौका चढवल्या व त्या तुर्की बंदरांपाशी नेऊन पाण्यात सोडल्या. जानेवारी १८७८ मध्ये त्यांपैकी 'चेस्मा' व 'सिनोप' यांनी बाटुमी येथे 'इंतिबाह' ही गस्ती आगबोट बुडवली. स्वयंचलित पाणतीराने युद्धात बुडवलेले हे पहिले जहाज मानले जाते.

पुढे सोव्हिएत तंत्रज्ञांनी पाणतीर-नौकेच्याच सांगाड्यावर क्षेपणास्त्रे बसवून 'कोमार' नौका तयार केली. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या अशा नौकांनी 'एलात' ही इस्रायली विनाशिका बुडवली, तेव्हा जगातील आरमारे खडबडून जागी झाली. 'कोमार'हून मोठ्या 'ओसा' जातीच्या आठ नौका भारताने घेतल्या. प्रत्येकीचे वजन सुमारे दोनशे टन. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे, त्यांचा पल्ला सुमारे चाळीस किलोमीटर. त्यांवरील नौसैनिकांचे शिक्षण व्लादिव्होस्तोक येथे झाले.

१९७१ च्या आरंभी या नौका भारतात आल्या, त्या कलकत्त्यास. मुंबई बंदरात एवढे वजन उचलणारी यारी नव्हती. कलकत्त्याहून मुंबईपर्यंत त्यांना दोरखंडांनी ओढत आणावे लागले. ही गैरसोयच पुढे उपयोगी पडली असे म्हणावे लागेल. बंदराच्या रक्षणासाठी घडवलेली ही नौका भरवेगाने निघाल्यास जेमतेम पाचशे सागरी मैल कापू शके, आणि मुंबईहून कराची जवळपास तितकीच दूर. परतीचे काय? मोठ्या जहाजांनी काही अंतर ओढत न्यावे, इंधन वाटेत द्यावे, हा विचार त्या प्रवासाच्या अनुभवातून बळावला. मकारोवच्या युक्तीचीच ही दुसरी आवृत्ती होय.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' व 'वीर' या तीन नौका कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली कराचीवर चालून गेल्या. 'किल्तान' व 'कच्छाल' ही पाणबुडीविरोधी जहाजे सोबत होती. तेलवाहू 'पोषक' इंधनासाठी होती. बिनतारी यंत्रावर अधिकारी रशियन भाषेत बोलत होते. शत्रूने ऐकले तरी अर्थबोध होऊ नये, हा त्यामागील हेतू.

'निर्घात'च्या दोन क्षेपणास्त्रांनी 'खैबर' ही विनाशिका बुडाली. आपल्यावर विमानांनी हल्ला केला आहे, असा संदेश तिने धाडला होता. क्षितिजाआडची दोनशे टनांची नौका तिच्यावरील खलाशांना अखेरपर्यंत दिसलीच नाही. त्यांतील शेकडो जण पाण्यात गेले. 'वीर'ने सुरुंगनाशक 'मुहाफिज' बुडवली आणि 'निपात'ने दारूगोळा वाहणाऱ्या 'व्हीनस चॅलेंजर' या व्यापारी जहाजाचा वेध घेतला. तिन्ही नौका सुखरूप परतल्या. ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश'ने 'त्रिशूल' व 'तलवार' यांच्या सोबतीने पुन्हा कराची गाठली. त्या वेळी केमारीचे तेलसाठे पेटले.

समुद्र मात्र एकाच पक्षाचा नव्हता. दुसऱ्याच रात्री दीवच्या दक्षिणेस पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने 'खुकरी' बुडवली. तिच्यासोबत १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले.

'ओसा' नौका कालांतराने सेवेतून निवृत्त झाल्या. 'वीर', 'निपात', 'निर्घात' ही नावे १९८७ पासून अधिक मोठ्या क्षेपणास्त्र-नौकांना देण्यात आली. त्या जातीच्या पहिल्या नौका सोव्हिएत संघात बांधलेल्या होत्या; पुढच्या काही माझगाव गोदीत व गोव्यात बांधल्या गेल्या.