जलसा आणि पडदा : वस्तीतील चित्रपट-प्रदर्शनाचा विचार

व्यावसायिक चित्रगृहाबाहेर चित्रपट दाखविण्याच्या आपल्याकडे दोन परंपरा आहेत आणि त्यांची गल्लत करणे अभ्यासाच्या दृष्टीने हानिकारक ठरते. पहिली परंपरा फिल्म सोसायटीची. १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन झाली, १९५९ मध्ये अशा संस्थांचा अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. जागतिक चित्रपटाचा डोळस आस्वाद मराठी रसिकाला घडविण्याचे श्रेय या चळवळीला निःसंशय द्यावे लागेल. परंतु तिचा पाया वर्गणीदार सभासदत्वाचा होता. त्यामुळे तिचा प्रेक्षक बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गातूनच आला.

दुसरी परंपरा वस्तीतील प्रदर्शनाची. २००४ मध्ये मुंबईच्या शासकीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली, तेव्हा माहितीपटकारांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरविला. २००६ मध्ये उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे ‘प्रतिरोध का सिनेमा’ हा उपक्रम सुरू झाला. बड्या उद्योगांचे प्रायोजकत्व न घेता लोकवर्गणीवर महोत्सव चालविणे हे त्याचे मुख्य सूत्र होय. येथे प्रश्न केवळ आस्वादाचा उरत नाही; चित्रपट कोणी, कोणाला आणि कोणाच्या पैशाने दाखवावा, हाही प्रश्न उभा राहतो.

या दृष्टीने आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट विचारात घेण्यासारखा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. या घटनांतून आरंभलेले चित्रण पुढे चौदा वर्षे चालले. शीर्षकातील दोन संबोधनांमधील ताण हाच या कृतीचा गाभा आहे. हा चित्रपट मुंबईच्या कामगार व दलित वस्त्यांतून उघड्यावर दाखविला गेला, तेव्हा पडद्यावरची गाणी प्रेक्षकांना नवी नव्हती. ज्या गायनपरंपरेचे ते वारस होते, तीच परंपरा त्यांच्यासमोर दृश्यरूपाने उभी राहत होती.

म्हणूनच अशा प्रदर्शनाचे खरे पूर्वरूप फिल्म सोसायटीत नव्हे, तर जलशात शोधले पाहिजे. सत्यशोधक जलशाने तमाशाचा घाट स्वीकारून त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तो वारसा पुढे नेला. मोकळी जागा, रात्रीची वेळ, तिकिटावाचून जमलेला समुदाय आणि मनोरंजनातून घडणारे प्रबोधन ही जलशाची लक्षणे वस्तीतील पडद्यालाही लागू पडतात.

तथापि एक भेद मूलभूत आहे. जलसाकार समोरचा समुदाय पाहून ऐन वेळी कवन बदलू शकत असे, हजरजबाबी संवाद घालू शकत असे. चित्रपटाची संहिता मात्र बंदिस्त असते. ती प्रेक्षकाला उत्तर देऊ शकत नाही. ही उणीव प्रदर्शनानंतरची चर्चा भरून काढते. तेव्हा ही चर्चा म्हणजे कार्यक्रमाला जोडलेले शेपूट नव्हे. जलशातील सवाल-जबाबाचे स्थान तिने घेतलेले असते. एखाद्या स्त्रीने उठून ‘असे नव्हे, असे घडले’ म्हणून सांगितले, की त्या रात्रीपुरती संहिता पूर्ण होते.

परंतु हा जबाब लिहून कोण ठेवतो? जलशाची कितीतरी कवने कोणी टिपून न ठेवल्यामुळे लोपली. चित्रपट जतन होतो, त्याच्यासमोर उमटलेले बोल मात्र सकाळी पडद्याबरोबर गुंडाळले जातात. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी चित्रपटाच्या संहितेइतकेच प्रदर्शनाचे स्थळ, तेथील भाषा आणि तेथे झालेला वाद यांची नोंद घेणे अगत्याचे आहे. अन्यथा मौखिक परंपरेच्या बाबतीत एकदा झालेली हानी आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडेल.