हात लावा! पण समजावून सांगणार कोणाला?

संग्रहालय म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काचेची कपाटं, आत नाणी, तलवारी, जुनी भांडी, आणि शेजारी पाटी, 'वस्तूंना हात लावू नये.' गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून गोव्याला मावशीकडे गेलो होतो. रविवारी मिस्सा झाल्यावर पप्पा म्हणाले, "चला, पोरांना सायन्स सेंटर दाखवूया." पप्पा, मम्मी, आज्जी, मी, नऊ वर्षांची धाकटी बहीण आणि सात वर्षांचा भाऊ, असे सहा जण निघालो. आत शिरल्यावर आज्जीनं सवयीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. अल्तारावरच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे तिनंच आम्हाला लहानपणी शिकवलेलं. इथं मात्र प्रत्येक पाटी सांगत होती की ओढा, फिरवा, दाबा, बसून बघा.

या लेखात तीन गोष्टी बघूया. अशी संग्रहालयं कशी सुरू झाली, तिथले खेळ नेमकं काय शिकवतात, आणि कुटुंबानं जाताना कुठं चुकतं. तिसरी गोष्ट मला स्वतःला बोचलेली आहे, म्हणून ती शेवटी ठेवली आहे.

हात लावू देणारी संग्रहालयं

मुलांसाठी वेगळं संग्रहालय हवं, ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 1899 साली जगातलं पहिलं बालसंग्रहालय सुरू झालं. जर्मनीत ऑस्कर फॉन मिलर या अभियंत्यानं 1903 साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. तिथं बटण दाबलं किंवा दांडा फिरवला की यंत्राचा नमुना चालू व्हायचा. नुसतं बघणाऱ्या माणसाच्या हाताला काम मिळालं.

पुढचं मोठं पाऊल म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम, 1969 सालचं. ते उभं केलं फ्रँक ओपनहायमर यांनी. अणुबॉम्बच्या संदर्भात आपण ज्यांचं नाव ऐकतो त्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. फ्रँकही पदार्थवैज्ञानिकच. पण अमेरिकेत कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम सुरू होती त्या काळात, 1949 साली, त्यांना विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली. मग कोलोरॅडोत त्यांनी गुरं पाळली आणि पुढे तिथल्याच गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. मोडक्यातोडक्या वस्तूंतून प्रयोग करून दाखवणं हा अनुभव त्यांना नंतर कामी आला. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणत. एक्सप्लोरेटोरियममध्ये माहिती सांगायलाही त्यांनी हायस्कूलची मुलं-मुली ठेवली.

आपल्या देशात कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय 1959 साली सुरू झालं, नंतर बंगळूरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय आलं. 1978 साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. 1979 हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. त्या वर्षी मुंबईत वरळीला मुलांसाठी विज्ञान उद्यान उघडलं आणि 1985 साली तिथलं नेहरू विज्ञान केंद्र पूर्णपणे खुलं झालं. मिरामारचं गोवा विज्ञान केंद्रही याच परिषदेच्या कुटुंबातलं.

खेळ आणि त्यामागचं कारण

अशा केंद्रांच्या बागेत ठिकठिकाणी दिसणारे तीन खेळ घेऊ.

पहिला खेळ कुजबुजणाऱ्या तबकड्यांचा. बागेच्या दोन टोकांना समोरासमोर दोन मोठ्या खोलगट तबकड्या असतात. एकीच्या तोंडाशी ठरलेल्या जागी हळू बोललं, तर दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाला ते कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. तबकडीचा आकार असा असतो की त्या ठरलेल्या बिंदूपाशी निघालेला आवाज तिच्यावर आपटून सरळ, समांतर पुढं जातो. समोरची तबकडी तो झेलते आणि आपल्या बिंदूपाशी गोळा करते. डिश अँटेना हेच काम करते, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी पकडते.

दुसरा खेळ, स्वतःला उचला. खुर्चीत बसायचं आणि समोरचा दोर ओढून स्वतःच वर जायचं. एका खुर्चीला कमी चाकं, दुसरीला जास्त. जास्त चाकांच्या खुर्चीत जोर कमी लागतो, पण तेवढंच उंच जायला दोर जास्त ओढावा लागतो. म्हणजे फुकट काही मिळत नाही. जोर वाचवला की अंतरात मोजावा लागतो.

तिसरा, फिरता पाट. हात पसरून पाटावर उभं राहायचं, कुणीतरी गिरकी द्यायची आणि मग हात छातीशी घ्यायचे. वेग एकदम वाढतो. अंगाचा भार फिरण्याच्या अक्षाजवळ आला की गिरकी जलद होते. टीव्हीवर बर्फावर नाचणारे खेळाडू दिसतात, त्यांचंही गणित हेच.

हे तिन्ही धडे आपल्या पुस्तकांत आहेतच. पण खुर्चीवर बसल्यावर तुमचं स्वतःचं वजन वर जातं. तो जोर दंडाला कळतो आणि मग पुस्तकातलं वाक्य आपलं होतं.

गडगडी, कप्पी, पुली

आज्जीचे पाठीमागं बांधलेले हात सुटले ते दोराच्या खुर्चीपाशी. "अगं, ही तर आमच्या विहिरीवरची गडगडी!" ती म्हणाली. शाळेच्या पुस्तकात मी 'कप्पी' शिकले, भाऊ इंग्रजी शाळेत 'पुली' शिकतो, आणि आज्जीची 'गडगडी' आमच्या दोघांच्याही पुस्तकात नाही. मग तिनं सांगितलं की लहानपणी भरलेली घागर ओढताना दोर हाताला काचायचा, म्हणून त्या पदराचा चुंबळीसारखा गुंडाळा करून धरायच्या. पाटीवर हे कुठून असणार?

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ विज्ञानाचे शब्द असतात, फक्त ते विज्ञानाचे आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कुटुंबानं एकत्र जाण्याचा हा खरा फायदा. शाळेच्या सहलीत आज्जी नसते.

मोबाईलमधला व्हिडिओ

आता ती तिसरी गोष्ट.

परत आल्यावर वाचता वाचता मला एका अभ्यासाची माहिती मिळाली. तो 2001 साली प्रसिद्ध झाला. केविन क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात आईवडील मुलांशी काय बोलतात ते टिपलं. हे कसं वापरायचं, काय दिसतंय, याबद्दल पालक मुलगा आणि मुलगी दोघांशीही बोलत होते. पण असं का होतं, हे कारण समजावून सांगण्याची शक्यता मुलांच्या बाबतीत मुलींपेक्षा तिप्पट होती.

हा अभ्यास तिकडचा आहे, आपल्या घरांना जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण मम्मीनं काढलेला व्हिडिओ मोबाईलमध्ये होता. मी तो पुन्हा बघितला. भाऊ खुर्चीत बसलाय आणि पप्पा त्याला सांगतायत, "इथं चाकं जास्त आहेत ना, म्हणून वजन वाटलं जातं. जोर कमी, पण दोर जास्त. कळलं?" मग बहीण बसते. पप्पा म्हणतात, "नीट बस. फ्रॉक सांभाळ. हळू ओढ." बस्स, तेवढंच.

पप्पांना दोष द्यायला मी तयारच होते. तेवढ्यात पुढचा तुकडा लागला. त्यात आवाज माझा होता. तबकडीपाशी मी भावाला आवाज कसा परततो ते सगळं सांगतेय, आणि बहिणीला म्हणतेय, "तू पलीकडं जाऊन उभी रहा." म्हणजे तो शिकणार आणि ती त्याच्या प्रयोगाचं सामान.

मग आणखी एक आठवलं. चोर्ला घाटात गाडीत तिनं विचारलं होतं, "ताई, आवाज या ताटातून त्या ताटात जातो, तर मधे उभं राहिलेल्याला का ऐकू येत नाही?" किती नेमका प्रश्न! आणि मी म्हणाले होते, "झोप आता, वांती होईल."

आमच्यावर कुणी दुष्टपणा केला नाही. पप्पा दोघांवर सारखीच माया करतात. पण मायेत कमी नसलं तरी बोलण्यात कमी असू शकतं. आणि 'आर्ट्स मला आवडतं म्हणून घेतलं' हे माझं वाक्य खरं असलं, तरी लहानपणी मला किती वेळा 'का' सांगितलं गेलं, हा प्रश्न आता माझ्याही मनात आहे.

पुढच्या वेळी जाताना

आमच्या चुकांतून काढलेल्या काही सूचना.

1. पाटी आधी वाचू नका. आधी खेळू द्या, मग "काय झालं?" विचारा, शेवटी पाटी वाचा.
2. सगळं बघायचा अट्टहास नको. पाच-सहा खेळ नीट खेळलात तरी पुष्कळ झालं.
3. एकाला कारण सांगितलं की दुसऱ्यालाही सांगा. 'नीट बस' हे कारण नव्हे.
4. आज्जी-आजोबांना "तुमच्याकडं याला काय म्हणायचे?" असं विचारा, आणि शब्द लिहून ठेवा.
5. उत्तर येत नसेल तर "घरी जाऊन बघूया" म्हणा, आणि खरंच बघा.

पाचवी सूचना मी पाळली, पण महिनाभर उशिरा. बहिणीला बोलावून म्हणाले, "तो ताटांचा प्रश्न आठवतो?" ती म्हणाली, "मला वाटलं, तू विसरलीस." मोबाईलवर गाणं लावून आम्ही तो स्टीलच्या खोल पातेल्यात ठेवला. गाणं मोठं झालं. मग मी सांगितलं की मधे उभं राहिलेल्याच्या कानात त्या पसरलेल्या आवाजातला कानाएवढाच तुकडा शिरतो, आणि तबकडी मात्र आपल्या अख्ख्या अंगानं आवाज गोळा करते. तिनं थोडा विचार केला, दोन्ही हातांचे पंजे कानामागं धरले आणि म्हणाली, "म्हणून आज्जी असं करते!"

हे उदाहरण मला सुचलं नव्हतं.