महामारी आणि बालमन : वर्गशिक्षकांसाठी टिपण

कोव्हिड-१९ च्या साथीमुळे सन २०२० च्या मार्च महिन्यात आपल्या शाळा बंद झाल्या. राज्याच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरविण्यास १ डिसेंबर २०२१ पासून अनुमती मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही दिवस बंद ठेवावे लागले. या खंडामुळे वाचनाची केवढी हानी झाली, हे ‘असर’ पाहणीने मोजून दाखविले आहे. देशाच्या ग्रामीण भागात इयत्ता तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा पाठ वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा २७.३ होते, २०२२ मध्ये ते २०.५ वर उतरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आले. म्हणजे वाचनाची घट बहुतांशी भरून निघाली. त्याचे श्रेय फळ्यासमोर उभे राहून पुन्हा पहिल्यापासून अक्षरे गिरवून घेणाऱ्या शिक्षकांना दिले पाहिजे.

मनाचे मात्र असे प्रगतिपत्रक नसते. जगातील २९ पाहण्या व सुमारे ८०,००० मुले-किशोर यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चारांतील एका मुलामध्ये खिन्नतेची व पाचांतील एकामध्ये चिंतेची ठळक लक्षणे आढळली. लक्षणे म्हणजे रोगनिदान नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी युनिसेफने २१ देशांतील तरुणांना मनाच्या त्रासाविषयी विचारले. अशा वेळी दुसऱ्याचे साहाय्य घेणे चांगले, असे सरासरी शेकडा ८३ तरुणांनी सांगितले. भारतात तसे म्हणणारे केवळ ४१ निघाले. आपल्याकडे दुःख नाही असा याचा अर्थ नव्हे. ते बोलून दाखविण्याची रीत आपल्याकडे नाही.

साथ सरून इतकी वर्षे लोटल्यावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही शिक्षकबंधू विचारतील. त्याचे उत्तर मुलाच्या वयात आहे. जी बालके २०२० मध्ये तीन-चार वर्षांची होती, ती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षी तिसरी-चौथीत आली. मृत्यू म्हणजे कायमचे जाणे, ही समज मुलास साधारणतः पाच ते सात वर्षांच्या सुमारास येते. तिसऱ्या वर्षी ज्याचे वडील गेले, त्याला त्या वेळी फक्त घरातील रडणे कळले. वडील गेले म्हणजे काय, हे नवव्या वर्षी कळू लागते. बालकाचे दुःख असे वयाबरोबर पुन्हा नव्याने उगवते. घरच्यांनी ते प्रकरण मिटले असे धरलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी मूल वर्गात गप्प होते किंवा विनाकारण मारामारी करू लागते.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असता ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासी बालगृहे चालविली. त्यांच्या निरीक्षणाचे सार असे की, बॉम्बच्या धडाक्यापेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना अधिक जाचली. आई शांत असेल तर मूलही बरेचसे शांत राही. आपल्या गावांतील अनुभव याहून फार वेगळा नाही. साथीच्या आरंभी मुंबई-पुण्याहून परतलेल्या कुटुंबांना अनेक गावांत शाळेच्याच खोल्यांत चौदा दिवस ठेवण्यात आले होते. ग्रामस्थ त्यास ‘क्वारंटाईन’ म्हणत. ज्या खोलीच्या खिडकीतून मुलाने आजीला दुरून पाहिले, आणि जेथे डबा दाराबाहेर ठेवून माणसे लगबगीने माघारी फिरत, त्याच खोलीत पुढे त्याचा वर्ग भरला. असे मूल वर्गाच्या उंबऱ्याशी घुटमळत असेल, तर त्यास हट्टी ठरविण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

सर्वांत खोल व सर्वांत अबोल असा परिणाम म्हणजे अपराधाची भावना. त्या काळात घरोघरी मुलांना बजावले जात होते, “बाहेर खेळायला जाऊ नकोस, तुझ्यामुळे आजोबांना रोग लागेल.” सावधगिरी म्हणून ते योग्यच होते. परंतु मूल एखाद्या दुपारी चोरून खेळावयास गेले आणि पुढे आजोबा दगावले, तर त्या दोन घटनांची सांगड ते आपल्या मनाशी घालते. लहान वयात ‘माझ्या वागण्यामुळेच सारे घडते’ अशी समजूत स्वाभाविक असते. त्यातून २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत अनेक माणसे तालुक्याच्या किंवा शहराच्या इस्पितळात वारली. त्यांचे अंत्यदर्शनही घरच्यांना घडले नाही. पाहिले नाही म्हणून मुलाचा विश्वास बसत नाही, आणि कोणी बोलत नाही म्हणून विचारण्याची सोय राहत नाही.

अशा मुलाशी काय बोलावे? सत्य बोलावे आणि थोडक्यात बोलावे. ‘बाबा गावाला गेले’ असे सांगितल्यास मूल वाट पाहत राहते. ‘झोपले’ असे सांगितल्यास त्यास झोपेची भीती बसते. ‘देवाघरी गेले’ हा घरातील श्रद्धेचा शब्द आहे, तो खोडून काढू नये, मात्र त्याच्या जोडीला स्पष्ट सांगावे : “बाबांना फार मोठा आजार झाला होता. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण त्यांचे शरीर बंद पडले. ते आता परत येणार नाहीत. आणि हे बघ, तू खेळलास, हट्ट केलास, म्हणून हे झालेले नाही.” हे शेवटचे वाक्य मुलाने विचारले नसले तरी बोलावेच. ते एकान्तात, मुलाच्या शेजारी बसून बोलावे. मूल लगेच उठून खेळावयास गेले, तर त्यास निष्ठुर समजू नये. बालके दुःख घोटाघोटाने पितात.

वर्गात सर्वांसमोर ‘बिचारा, याला वडील नाहीत’ असा उल्लेख कदापि करू नये. ‘टाळेबंदीतील माझे अनुभव’ असा निबंध गुणांसाठी लिहवून घेण्याची पद्धत काही शाळांत पडली आहे. ती प्रस्तुत लेखकास मुळीच पसंत नाही. ज्याच्या घरी प्रेत आले नाही, त्याने त्यावर दहा ओळी का लिहाव्यात? त्याऐवजी कोरा कागद व रंग द्यावेत आणि काढलेल्या चित्रास गुण देऊ नयेत. परिपाठ, गाणी, कवायत व मधली सुट्टी ठरल्या वेळी होऊ द्यावी. उद्या काय होणार हे आधी माहीत असणे, हाच अशा मुलाचा मोठा आधार असतो.

शिक्षक हा वैद्य नव्हे. वारंवार पोट दुखणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा जडणे, झोप व भूक उडणे, खेळातून अंग काढून घेणे, असे काही आठवडे चालल्यास पालकांना विश्वासात घेऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास अथवा जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागास दाखवावे. ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. छत्र हरपलेल्या मुलाचा बालसंगोपन योजनेचा अर्ज झाला आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. वह्यांच्या पैशाची काळजी नऊ वर्षांचे मूलही करीत असते.

अशा प्रत्येक मुलाच्या घरातील मृत्यूची तारीख व तिथी शिक्षकाने आपल्या खासगी टाचणवहीत लिहून ठेवावी. शाळेच्या नोंदवहीत नव्हे. त्या आठवड्यात गृहपाठ अपुरा आला किंवा मूल गैरहजर राहिले, तर खुलासा मागू नये. मात्र दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून घरी सर्वजण कसे आहेत, एवढे विचारावे.