चाकांवरचं घर आणि मेडिक्लेम

प्रश्न : येत्या 31 मार्चला मी चिंचवडच्या एका कंपनीतून निवृत्त होतोय. आम्ही दोघांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे. भाड्याचा फ्लॅट सोडायचा, सामान मिरजेला बहिणीकडे टाकायचं आणि पुढची चार-पाच वर्षं गाडीतच राहून देश बघायचा, असं ठरलंय. मला 9 वर्षांपासून मधुमेह आहे. आजवर कंपनीचा मेडिक्लेम होता. एक एजंट म्हणतो, पत्ता नाही तर पॉलिसी नाही. दुसरा म्हणतो, एक कोटीची घ्या, देशात कुठेही कॅशलेस. पत्नी एवढंच विचारते की रात्री दोन वाजता अनोळखी गावात काही झालं, तर नेमकं करायचं काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वहिनींच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या पॉलिसीची खरी कसोटी तीच आहे. एका गावात राहणारा माणूस जवळची चार मोठी हॉस्पिटलं यादीत आहेत ना, एवढं बघून निर्धास्त होतो. तुमचं जवळचं हॉस्पिटल दर मुक्कामाला बदलणार. बहुतेकदा ते तालुक्याच्या गावातलं, डॉक्टर नवरा-बायकोने चालवलेलं, दहा-पंधरा खाटांचं असेल.

तिथे कॅशलेस मिळेल का? कागदावर हो. जानेवारी 2024 मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलं. ठरवून दाखल होणार असाल तर 48 तास आधी, तातडीने दाखल झालात तर 48 तासांच्या आत कळवलं, की यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीने कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायला हवा. पण यात हॉस्पिटलचीही तयारी लागते, आणि रात्री दोनला काउंटरवर बसलेला मुलगा डिपॉझिटच मागतो. त्याला दोष देता येत नाही, मेल आणि स्कॅनिंग बघायला तिथे वेगळा माणूसच नसतो. म्हणून आधी आपण भरायचे आणि मागाहून मिळवायचे, म्हणजे रिइम्बर्समेंट, हेच गृहीत धरून चाला. दीड-दोन लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड दोघांकडेही असू द्या. पैसे डॉक्टरांच्या खासगी क्यूआरवर गेले, तरी पावती हॉस्पिटलच्या नावाने, नंबर घातलेलीच घ्या.

आता एक अशी गोष्ट, जी पॉलिसी विकताना क्वचितच कुणी सांगतं. विम्याच्या भाषेत प्रत्येक दवाखाना ‘हॉस्पिटल’ नसतो. तो एक तर कायद्याने नोंदणी केलेला हवा, नाहीतर त्याने काही अटी तरी पुऱ्या करायला हव्यात : 10 लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान 10 खाटा, इतरत्र 15, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. जीव धोक्यात असेल तर जो दवाखाना समोर दिसेल तिथे शिरा, तेव्हा खाटा मोजत बसू नका. पण सलाईन लावून दोन दिवस ठेवतो असं कुणी म्हणालं आणि पेशंट बरा असेल, तर नोंदणी क्रमांक विचारा. तो बहुधा बिलावर छापलेला असतो.

माझे थोरले मेव्हणे असेच गाडी घेऊन निघाले होते. किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना कर्नाटकात त्यांना डेंग्यू झाला. चार दिवस ॲडमिट होते, उपचार चांगले झाले. डिस्चार्ज मिळाला तसे ते पुढे निघाले आणि कन्याकुमारीला पोचल्यावर क्लेम भरायला बसले. तेव्हा कळलं की क्लेम फॉर्मला दोन भाग असतात. ‘पार्ट ए’ आपण भरायचा, ‘पार्ट बी’ हॉस्पिटलने भरून सही-शिक्का द्यायचा. हॉस्पिटल तर शेकडो किलोमीटर मागे राहिलेलं. त्यातच औषधांच्या पावत्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या, थर्मल कागदाच्या. उन्हाने त्या अशा काळ्या पडल्या होत्या, की रक्कम सोडाच, दुकानाचं नावही वाचता येईना. फोन करून, कुरिअर मागवून फॉर्म मिळाला. औषधांचे पैसे मात्र बुडाले. मी इतकी वर्षं क्लेमच्या फायली तपासतो आहे, तरी निघताना त्यांना हे सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही, याची रुखरुख आजही आहे.

त्यामुळे कोऱ्या फॉर्मच्या चार प्रती छापून गाडीत ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी ‘पार्ट बी’ हातात आल्याशिवाय गाडी सुरू करू नका. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट घ्या. अपघात असेल तर एमएलसीचा (मेडिको-लीगल केसचा) कागद, स्टेंट बसवला असेल तर त्याचा स्टिकरही. प्रत्येक पावतीचा तिथल्या तिथे फोटो काढा. शक्य असेल तर इनडोअर केसपेपरची नक्कलही मागून घ्या. कंपनी ती पुढे मागतेच.

पत्त्याचं म्हणाल, तर पहिला एजंट चुकतोय. राहतं घर लागत नाही, केवायसीला चालेल असा खरा पत्ता लागतो. मिरजेच्या बहिणीचा द्या, आधार आणि बँकेतही तोच करून घ्या. काही पॉलिसींत हप्ता शहराच्या झोनवर ठरतो. मिरजेच्या पत्त्यावर हप्ता कमी बसेल, पण मुंबई-दिल्लीत उपचार घेतले तर बिलाचा काही टक्का तुमच्या माथी येईल. तुमच्यासारख्यांनी अशी झोनची को-पे असलेली पॉलिसी घेऊच नये, चार पैसे जास्त पडले तरी. खोलीभाड्याची मर्यादाही नको, कारण खोली त्याहून महाग असली, तर त्या प्रमाणात बिलातले इतर काही खर्चही कापले जातात. एक कोटीचा मोह मात्र सोडा. दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे त्या रकमेपुढचा खर्च उचलणारी पॉलिसी, पुरे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढा भार हलका झालाय.

ॲम्ब्युलन्सच्या कलमावर बोट ठेवून विचारा. बऱ्याच पॉलिसींत त्याला दोन-चार हजारांची मर्यादा असते. स्पितीत काझाहून सिमल्याला पेशंट हलवायचा तर तेवढ्यात काय होणार? रस्ता अपघाताला आणखी एक आधार आहे : मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या हॉस्पिटलांत 7 दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. आईवडिलांपैकी कुणी सत्तरीपुढचं अधूनमधून सोबत येणार असेल, तर त्यांचं आयुष्मान वयवंदना कार्ड काढून ठेवा. त्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही आणि कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं.

मला सगळ्यात जास्त काळजी मधुमेहाची आणि 31 मार्चच्या तारखेची वाटते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. नवी पॉलिसी कोरी घेतलीत तर जुन्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे तुमच्या भटकंतीची निम्म्याहून जास्त वर्षं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली करून घेतलीत, तर आजवरची वर्षं मोजली जातात. एचआरकडून सलग विम्याचं पत्र मागा आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज करा. मधुमेह, गोळ्या, मागचे रिपोर्ट, सगळं खरं लिहा. सलग 60 महिने झाल्यावर, फसवणूक सोडली तर, माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. त्याआधी येतो. एजंट ‘शुगरचं लिहू नका’ म्हणाला, तर दुसरा एजंट बघा.

आणि वहिनी, रात्री दोन वाजता तुमच्या हातात फाइल लागणार आहे, ह्यांचा फोन नव्हे. तो लॉक असेल. पॉलिसीची प्रत, हेल्पलाइनचा नंबर, दोघांच्या औषधांची यादी, रक्तगट आणि बहिणीचा फोन हे सगळं एका जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. तो ड्रायव्हरच्या सीटमागे अडकवा, डॅशबोर्डवर नको.