गोठलेला मध आणि बिघडलेला मध



जानेवारीत सातवीतील एक मुलगी मधाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत आली. बाटलीतील मध तळापासून वरपर्यंत पांढरट आणि दाणेदार झाला होता, अगदी थिजलेल्या तुपासारखा. वर फक्त बोटभर पातळ थर उरला होता. तिच्या वडिलांनी हा मध मुरेन्याकडील एका मधपाळाकडून आणला होता. "बाई, ह्यात साखर मिसळली आहे का? आई म्हणते, फेकूनच द्यावा." मी तिला म्हटले, फेकू नकोस, उद्या वर्गात घेऊन ये. त्या बाटलीवर आमचे दोन तास गेले. तेच येथे थोडक्यात लिहिते आहे. त्यातील एक भाग पालकांसाठी, विशेषतः आजी-आजोबांसाठी आहे. तो त्यांनी जरूर वाचावा.

फुलातील मकरंद म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर, आणि त्यात बहुधा निम्म्याहून जास्त पाणीच असते. मधमाश्या तो पोळ्यात आणतात, त्यात आपल्या शरीरातील विकरे मिसळतात आणि पंखांनी वारा घालून पाणी उडवतात. पाणी वीस टक्क्यांच्या आत आले की घरावर मेणाचे झाकण बसते. विकरांमुळे मकरंदातील साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. म्हणजे मध हा साखरेचा फार घट्ट पाक आहे. जिवाणू त्यात पडला तर त्याच्याच पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याला वाढता येत नाही. आईने केलेला मुरांबा वर्षभर टिकतो तो ह्याच कारणाने. शिवाय मध आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच सुमारे 4 असतो.

आता गोठण्याकडे वळू. ग्लुकोज पाण्यात फ्रुक्टोजपेक्षा कमी विरघळते. मधात ते मावेल त्याहून जास्त भरलेले असते, म्हणून संधी मिळताच स्फटिक होऊन बाहेर पडते. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना तिळाच्या किंवा खसखशीच्या दाण्यावर पाक बसत जातो, हे तुम्ही घरी पाहिले असेल. मधात त्या दाण्याचे काम परागकण आणि मेणाचे बारीक कण करतात. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो आणि मोहरीचा मध ह्यात पुढे आहे. आपल्या चंबळ भागात हिवाळ्यात मैलोन्‌मैल सरसोंची पिवळी शेते असतात आणि त्यांच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या असतात. त्यात भर ग्वाल्हेरच्या थंडीची. स्फटिक होण्यास 10 ते 15 अंश सेल्सिअस तापमान सर्वांत सोयीचे, आणि जानेवारीत आपल्या स्वयंपाकघरात पहाटे साधारण तेवढेच असते! म्हणून येथील मध गोठला नाही तरच मला आश्चर्य वाटेल. दुकानातील काही मध वर्षभर पातळ राहतो, कारण बाटलीत भरण्यापूर्वी तो तापवून बारीक गाळलेला असतो. तेवढ्यावरून तो अधिक शुद्ध ठरत नाही.

तेव्हा गोठलेला मध बिघडलेला नसतो. बिघडलेला मध म्हणजे आंबलेला मध. साखरेत तग धरणारी काही यीस्ट मधात मुळातच असतात. पाणी कमी असते तोवर ती नुसती पडून राहतात. पाणी 17 टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असेल तर आंबण्याची भीती जवळजवळ नाही. 20 टक्क्यांच्या वर गेले की ती कायमची. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मधातील पाण्याची कमाल मर्यादा 20 टक्केच ठेवली आहे. पाणी वाढले की यीस्ट जागी होतात, साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पुढे आंबट आम्ल होते. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो, वर फेस येतो आणि तो दिवसेंदिवस वाढतो, वास ताडीसारखा किंवा शिरक्यासारखा येतो. असा मध खाऊ नये. नव्या बाटलीत वर पांढुरका पातळ फेस दिसतो तो निराळा. ती भरताना अडकलेली हवा असते. तो वाढत नाही आणि त्याला वासही येत नाही.

हे पाणी येते कोठून? आठवीच्या मुलांना मी गणित घातले होते. 250 ग्रॅम मधात 18 टक्के पाणी आहे, म्हणजे 45 ग्रॅम. ते 20 टक्के होण्यासाठी किती पाणी वाढावे लागेल? बहुतेकांनी 5 ग्रॅम असे उत्तर दिले. पाणी घातल्यावर एकूण वजनही वाढते हे ती विसरली. बरोबर उत्तर सव्वासहा ग्रॅम आहे, म्हणजे चहाचा एक चमचा भरून थोडे वर. श्रावणात पंचामृत करताना दुधा-दह्याचा चमचा तसाच मधाच्या बाटलीत जातो, सत्यनारायणाला पुन्हा जातो, आणि बाटलीचे झाकण पूजा होईपर्यंत उघडेच असते. पावसाळ्यात हवेतील ओलावा मध आपणहून ओढून घेतो. चमचाभर पाणी जमायला मग किती वेळ लागणार? उरलेले पंचामृत तर मध राहिलेलेच नसते. ते त्याच दिवशी संपवावे.

त्या मुलीच्या बाटलीत आणखी एक गंमत होती. ग्लुकोज स्फटिक होताना स्वतःबरोबर थोडेच पाणी घेते. बाकीचे पाणी उरलेल्या पातळ भागात राहते, म्हणून वरचा बोटभर थर मूळ मधापेक्षा अधिक पाणीदार झालेला असतो. थंडीत यीस्ट सुस्त असतात, पण होळीच्या सुमारास हवा तापली की हाच थर आधी आंबतो. म्हणजे गोठणे हा बिघाड नसला तरी अर्धवट गोठलेली बाटली तशीच विसरून जाणे बरे नाही. आम्ही वास घेतला. वास चांगला होता. मग पातेल्यात हात सोसेल एवढे कोमट पाणी, 40 ते 45 अंशांचे, घेऊन त्यात बाटली झाकण घट्ट लावून उभी ठेवली. पाणी निवले की बदलले. दोन तासांनी मध पातळ झाला, तो कोरड्या चमच्याने ढवळून एकजीव केला. बाटली गॅसवर ठेवू नये, पाणी उकळू नये, मायक्रोवेव्ह तर नकोच. जास्त तापल्यास मधाचा सुगंध आणि विकरे जातात, रंग काळवंडतो आणि एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते. मध किती तापवला गेला किंवा किती जुना आहे हे प्रयोगशाळेत त्यावरूनही पाहतात. मध तापवू नये असे आयुर्वेदातही सांगितले आहे. आणि मोहरीचा मध तसाच दाणेदार पोळीला लावून खायलाही छान लागतो. तो पातळ केलाच पाहिजे असे नाही.

आता पालकांसाठी.

ह्याच विषयावर पालकसभेत बोलत असताना एक आजी म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात. माझी चार मुले, सात नातवंडे, सगळ्यांना चाटवला. कोणाला काही झाले नाही." त्या खोटे बोलत नव्हत्या. तरीही त्यांना मी हेच सांगितले आणि येथेही लिहिते: एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध मुळीच देऊ नये. चाटवू नये, गुटीत देऊ नये, दात येताना हिरड्यांना लावू नये.

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो. त्याचे बीजाणू धुळीबरोबर मधात येऊ शकतात. मधात ते वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. मोठ्या माणसाच्या आणि मोठ्या मुलाच्या आतड्यात नेहमीचे जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात हा पहारा अजून बसलेला नसतो. तेथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात, ते मज्जातंतूंवर परिणाम करते. हा आजार प्रथम 1976 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात ओळखला गेला. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठतेने होते. मग बाळ नीट ओढून दूध पीत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या झुकतात, मान आणि अंग सैल पडते. पुढे श्वासही अडू शकतो. अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि मध दिला असल्यास तो दिल्याचे डॉक्टरांना सांगावे. सांगण्यात संकोच करू नये, त्यावरून निदान लवकर होते.

आजार विरळ आहे, म्हणूनच आजींच्या अकरा मुलांना काही झाले नाही. पण कोणत्या बाटलीत बीजाणू आहेत हे डोळ्यांना दिसत नाही, चवीने कळत नाही. शुद्ध, रानातला, घरच्या पेटीतला मध असला तरी हीच गोष्ट. घरी उकळूनही बीजाणू मरत नाहीत. आणि बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच लागत नाही. आजींनी थोडा विचार करून विचारले, "मग अंगठी नुसती कपाळाला लावली तर चालेल का?" मी म्हटले, अवश्य चालेल. बारशाचा सोहळा तेवढ्याने उणा होत नाही.

आणखी एक प्रश्न त्या सभेत आला, तो शुद्धतेचा. पाण्यात थेंब टाकून पाहणे, कापसाची वात भिजवून पेटवणे, टिपकागदावर ठेवणे ह्या परीक्षांवर विश्वास ठेवू नये. त्यांतून फार तर मध घट्ट आहे की पातळ एवढेच कळते, आणि साखरेचा घट्ट पाकही त्यात पास होतो. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने 13 ब्रँडचे नमुने तपासून घेतले, तेव्हा सर्व चाचण्यांत फक्त 3 उतरले. इतरांपैकी बरेच नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते, ते जर्मनीतील प्रयोगशाळेतील एनएमआर चाचणीत अडकले. जी भेसळ पकडायला एवढे यंत्र लागते, ती वातीने कशी कळणार? ओळखीच्या मधपाळाकडून घेणे एवढेच आपल्या हाती आहे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र शुद्ध मध असला तरी तो साखरच समजावा.

ठेवण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. काचेची किंवा चिनी मातीची बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा. मध आम्लधर्मी असल्यामुळे तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नाही, तेथे तो घट्टच होतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात मात्र गॅसच्या ओट्यावरून आणि पश्चिमेच्या खिडकीतून बाटली हलवून घरातल्या थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावी.

पावसाळ्यात करायचा एक प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांसाठी. दोन सारख्या बशा घ्या, प्रत्येकीत 50 ग्रॅम मध घ्या. एक उघडी ठेवून वर फक्त मुंग्या-माश्यांसाठी जाळी घाला. दुसरी प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट बंद करा. रोज सकाळी एकाच वेळी दोन्हींचे वजन करून वहीत लिहा, त्या दिवशी पाऊस होता की ऊन हेही लिहा. पंधरा दिवसांनी आलेख काढून वही प्रयोगशाळेत आणा. प्रयोगातला मध खायचा नाही. वजनकाटा घरी नसेल तर शाळेतील मिळेल, आधी सांगून ठेवा.