कॉम्प्युटर नाही मिळालं, म्हणून काय झालं?

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की नागपूरच्या प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर भागातून दरवर्षी तोच फोन येतो. "सर, व्हीएनआयटीत मेटलर्जी मिळतंय. ते सोडून खासगीत डोनेशन भरून कॉम्प्युटर घेऊ का?"

नका घेऊ.

मुलाला कोडिंगची खरी ओढ असेल तर गोष्ट वेगळी, मग खुशाल घ्या. पण आयटी पार्क घराजवळ आहे आणि शेजाऱ्यांची मुलगी पुण्याला 'पॅकेज'वर लागली, ही कारणं तुमची आहेत, मुलाची नाहीत. मेडिकल, सीए, एमपीएससीबद्दल सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मी मेटलर्जीबद्दल, म्हणजे धातूंच्या शास्त्राबद्दल, आणि त्यातही ॲल्युमिनियमबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

घरातला कुकर, स्लायडिंग खिडकीचं सेक्शन, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी, डोक्यावरून जाणारी विजेची तार, सगळीकडे हाच धातू. पण प्रत्येक ठिकाणी त्याची जात निराळी. तारेला जवळजवळ शुद्ध धातू लागतो, कारण भेसळ झाली की वीज अडते. खिडकीच्या सेक्शनमध्ये थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घालतात. विमानाच्या पत्र्यात तांबं किंवा जस्त घालतात. काय, किती मिसळायचं, किती तापवायचं, कसं थंड करायचं, हे मेटलर्जीवाला ठरवतो. पोलादाच्या तुलनेत हा धातू जेमतेम एक तृतीयांश वजनाचा, म्हणून इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्यांना तो हवाच असतो. खनिजापासून धातू बनवायला जी ऊर्जा लागते, तिच्या साधारण 5 टक्क्यांत भंगार वितळवून तो पुन्हा तयार होतो. भंगाराचा धंदा म्हणून नाक मुरडू नका, उद्याची बरीच कामं तिथेच आहेत.

आणि हे सगळं नागपूरच्या अंगणात आहे. अमरावती रोडवर वाडीला केंद्रीय खाण मंत्रालयाची जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन संस्था 1989 पासून उभी आहे. मौद्याला हिंडाल्कोचा कारखाना आहे, मिहानमध्ये विमानदुरुस्ती चालते. दहावीनंतर जायचं असेल तर शासकीय तंत्रनिकेतनात मेटलर्जीचा डिप्लोमा आहे.

गोडगोड चित्र मी रंगवणार नाही. भट्टीजवळ उकडतं, पाळीत काम करावं लागतं. नाल्को किंवा बाल्को या ॲल्युमिनियम कंपन्यांत लागलात तर ओडिशा-छत्तीसगडला जावं लागेल. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रापेक्षा कमीही असू शकतो. ज्याला हे झेपणार नाही, त्याने येऊ नये. "मुलीला भट्टीवर कसं पाठवायचं?" असं मात्र मला विचारू नका. तिला जायचं असेल तर अडवणारे तुम्ही कोण?

ऑप्शन फॉर्म भरताना माउस मुलांच्या हातात द्या. त्याआधी मेटलर्जी शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी त्यांना अर्धा तास बोलू द्या. आणि त्या वेळी तुम्ही, कृपा करून, बाहेर थांबा.